समुद्रावरच्या सोलर घराचं लाईट बिल शून्य असतं, पण बाकीची बिलं कोण भरतं?

२४ जानेवारी २०२५. पनामाच्या किनाऱ्याजवळ एक माणूस समुद्राखालच्या खोलीतून वर आला. नाव रुडिगर कोच, वय ५९, पेशाने एरोस्पेस इंजिनिअर, मूळचा जर्मनीचा. गडी पाण्याखाली ११ मीटरवर सलग १२० दिवस राहिला होता. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम अमेरिकेच्या जोसेफ डिटुरी यांच्या नावावर होता, १०० दिवसांचा.

कोच यांची खोली ३० चौरस मीटरची, म्हणजे मुंबईतल्या वन रूम किचनएवढी. आत पलंग, टॉयलेट, टीव्ही, कॉम्प्युटर, इंटरनेट आणि व्यायामाची सायकल. ही खोली एका उभ्या नळीने वर तरंगणाऱ्या घराला जोडलेली होती. वीज सोलर पॅनलवर.

असल्या घरांचे व्हिडिओ मोबाईलवर सतत फिरत असतात. पांढरंशुभ्र गोलाकार घर, चारी बाजूंनी निळं पाणी, छतावर पॅनल. खाली ठरलेली कमेंट : ना लाईट बिल, ना सोसायटीचा मेंटेनन्स, ना शेजाऱ्यांची कटकट. मुंबई-पुण्यात टू बीएचकेसाठी वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलेल्या माणसाला हे बघून हेवा वाटणं साहजिक आहे.

पण कोच यांच्या बातमीतच दोन बारीक गोष्टी होत्या. एक, सोलर असलं तरी सोबत बॅकअपला जनरेटर होता. दोन, किनारा बोटीने साधारण १५ मिनिटांवर होता आणि जेवणखाण, सामान, डॉक्टर, घरची माणसं तिथूनच येत होती. समुद्रावरच्या घराचा सगळा खर्च या दोन वाक्यांत दडलेला आहे. तो उलगडून बघायचा तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

घर तरंगतं कसं?

तरंगणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. आर्किमिडीजचा शाळेतला नियम. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण १,०२५ किलो भरतं. घर सामानासकट ४० टनांचं धरलं, तर ३९ घनमीटर पाणी बाजूला सारलं की ते तरंगणार. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पोकळ तराफा घेतला, तर तो पाण्यात जेमतेम ७८ सेंटिमीटर बुडेल. घरात दहा पाहुणे आले तर आणखी दीड सेंटिमीटर. काश्मीरच्या दल सरोवरातल्या हाऊसबोटी असोत की केरळच्या बॅकवॉटरमधल्या, गणित हेच.

अडचण लाटांपासून सुरू होते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की हलक्या हातानेही तो उंच जातो. तरंगणाऱ्या घराचंही तसंच आहे. प्रत्येक वस्तूची पाण्यावर डोलायची स्वतःची एक लय असते आणि समुद्रातल्या नेहमीच्या लाटा काही सेकंदांच्या अंतराने येत राहतात. दोन्ही लयी जुळल्या की घर झोपाळ्यासारखं हेलकावे खायला लागतं. सपाट, रुंद तराफा लाटेबरोबर वरखाली होतोच. तलावात ते चालतं, उघड्या समुद्रात स्वयंपाकघरातली भांडी जागेवर राहत नाहीत. आणि उलटीची औषधं खाऊन कोणी घरात राहत नाही.

यावरचा उपाय तेलकंपन्यांनी केव्हाच शोधलाय. लांबलचक उभी नळी घ्यायची, तिचा बराचसा भाग पाण्याखाली ठेवायचा, तळाला वजन भरायचं आणि राहायची जागा वर, लाटांच्या टप्प्याबाहेर ठेवायची. लाटांचा जोर पृष्ठभागावर असतो, खाली पाणी शांत होत जातं. नळी बारीक असली की लाटेला धरायला जागाच कमी मिळते आणि घर स्थिर राहतं.

मात्र एक फायदा घेतला की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. नळी जितकी बारीक, तितकं घर वजनाला नाजूक. वर ज्या दहा पाहुण्यांनी तराफा दीड सेंटिमीटर खाली नेला, तेच दहा पाहुणे दोन मीटर व्यासाच्या नळीवरचं घर वीस सेंटिमीटरहून जास्त खाली नेतील. सगळे एकाच बाजूच्या बाल्कनीत फोटो काढायला उभे राहिले तर घर कलेल. म्हणून अशा घरात पाणी आत घ्यायला आणि बाहेर टाकायला पंप लागतात, वजनाचा तोल सतत सांभाळावा लागतो. जमिनीवरच्या घरात पंप बंद पडला तर टाकी रिकामी राहते. इथे पंप बंद पडला तर घर आडवं होतं.

हे नुसतं पुस्तकी गणित नाही. कोच ज्या कंपनीशी जोडलेले आहेत, त्या ओशन बिल्डर्सने सप्टेंबर २०२२ मध्ये पनामात आपलं सीपॉड नावाचं घर मोठ्या थाटात जगासमोर आणलं. डिझाईन नेदरलँड्सचे आर्किटेक्ट कून ओल्थाइस यांचं, जे पाण्यावरची घरं बांधण्यासाठीच ओळखले जातात. सोहळा झाला आणि त्याच दिवशी ते घर कलंडून पाण्यात टेकलं. कोणाला इजा झाली नाही. तोल सांभाळणाऱ्या आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या यंत्रणेत बिघाड झाल्याचं कंपनीने सांगितलं.

त्या घराची जाहीर केलेली किंमत २ लाख ९५ हजार डॉलरपासून १५ लाख डॉलरपर्यंत होती. डॉलर ८५ रुपयांना धरला तर अडीच कोटींपासून पावणेतेरा कोटींपर्यंत. एरिया साधारण ८३३ चौरस फूट. मुंबईच्या भावात बघितलं तर अडीच कोटी काही वेडेपणाचा आकडा वाटत नाही. पण फ्लॅट घेताना इमारत उभी कशी राहणार याची काळजी वेगळी करावी लागत नाही.

आता सोलरचा हिशोब

चार माणसांचं कुटुंब धरू. फ्रिजला दिवसाला दीड युनिट. पंखे, दिवे, टीव्ही, मोबाईल मिळून दीड. गॅस सिलेंडर समुद्रात पोचवायची कटकट नको म्हणून स्वयंपाक इंडक्शनवर, त्याचे दोन. सॅटेलाईट इंटरनेटची डिश चोवीस तास चालू असते, ती दीड युनिट खाते. पंपांना एक.

पाणी हा वेगळाच विषय. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. समुद्राचं पाणी गोडं करायला ते प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलावं लागतं. चांगलं मशीन हजार लिटरला चारेक युनिट घेतं, साधं मशीन त्याच्या दुप्पट-तिप्पट. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी निकष आहे. समुद्रावर निम्म्यात भागवायचं ठरवलं तरी चौघांना तीनशे लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे आणखी दीडेक युनिट.

झाले नऊ युनिट. रात्री एक एसी लावला तर सहा वाढवा. पंधरा युनिट रोजचे.

आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनलमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. त्या हिशोबाने चार किलोवॅटची सिस्टीम पुरेल असं वाटतं. पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. जुलै महिन्यात कोकण किनाऱ्यावर आभाळ उघडत नाही, तेव्हा उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. जमिनीवरचा माणूस त्या दिवसांत महावितरणची वीज घेतो. समुद्रावर महावितरण नाही, त्यामुळे सिस्टीम चांगल्या महिन्यासाठी बांधून चालत नाही, ती सगळ्यात वाईट महिन्यासाठी बांधावी लागते. म्हणून आठ किलोवॅट. एका किलोवॅटला पाच चौरस मीटर धरले तर चाळीस चौरस मीटर छत नुसत्या पॅनलने भरून गेलं. व्हिडिओतल्या गोल घुमटाच्या घरावर एवढे सपाट पॅनल बसत नाहीत. सपाट छतावर बसतात, पण वादळात तेच छत वाऱ्याला शिडासारखं सापडतं.

बॅटरी किती? तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि एसी बंद ठेवला तरी सत्तावीस युनिट साठवलेले हवेत. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून तीस.

खर्चाचं बोलायचं तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते आणि ती ठरवताना सरकारने पहिल्या दोन किलोवॅटला ५० हजार आणि पुढच्या एका किलोवॅटला ४५ हजार असा खर्च धरलाय. ही सबसिडी ग्रीडला जोडलेल्या छतांना आहे, समुद्राला नाही. तोच दर लावला तर आठ किलोवॅटचे पावणेचार लाख होतात. खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील, चांगला इन्व्हर्टर आणि बोटीवरून नेऊन बसवायची मजुरी धरून दुप्पट करू, साडेसात लाख. बॅटरीला युनिटमागे वीस हजार धरले तर सहा लाख. पाणी गोडं करायच्या मशीनला चार-पाच लाख. हे ढोबळ अंदाज आहेत, पण चित्र स्पष्ट व्हायला पुरेसे आहेत. सगळं मिळून अठरा लाख.

अडीच कोटींच्या घरात अठरा लाख म्हणजे सात टक्के. ज्या गोष्टीवर सगळ्या जाहिरातींचा भर असतो, ती बजेटमधली जवळजवळ सगळ्यात लहान रक्कम आहे. पॅनल स्वस्त झालेत, बॅटऱ्या स्वस्त होतायत, त्यात नवल राहिलेलं नाही. सूर्यावर घर चालतं का, हा प्रश्न कधीच सुटलाय. २०१२ मध्ये प्लॅनेटसोलर नावाची बोट फक्त सूर्याच्या विजेवर पृथ्वीप्रदक्षिणा करून मोनॅकोला परत आली. तिला ५८४ दिवस लागले आणि वर ५३७ चौरस मीटरचे पॅनल होते.

मग बाकीचे ९३ टक्के जातात कुठे?

आधी नांगर. घर समुद्रात नेऊन सोडलं की ते तिथेच थांबत नाही, त्याला धरून ठेवावं लागतं. दर्यावर्दी लोकांचा हिशोब असा की पाणी जितकं खोल, त्याच्या पाच ते सात पट साखळी सोडायची. वीस मीटर पाण्यात शंभर-सव्वाशे मीटर साखळी, तीही एकीकडे नाही, चार दिशांना. आणि ती झिजते, गंजते, दरवर्षी पाणबुड्याकडून तपासून घ्यावी लागते.

नांगर सुटला की काय होतं, हे मुंबईने बघितलंय. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी ३०५ नावाचा बार्ज उभा होता. हा बार्ज म्हणजे तेलविहिरींवर काम करणाऱ्या कामगारांची तरंगती राहायची सोय. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं, तो नांगरांच्या भरवशावर होता. वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत गेला, तेलक्षेत्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदल आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवलं. ७० हून जास्त लोक गेले. पी ३०५ हे हौसेचं घर नव्हतं, पण तांत्रिक भाषेत ती तीच वस्तू होती : इंजिन नसलेली, नांगरावर उभी, माणसं राहतात अशी जागा. शिवाय तिच्यामागे पैसेवाल्या कंपन्या होत्या आणि हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते.

मुंबईच्या किनाऱ्यालगतही एक नमुना झाला. मे २०१८ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंकजवळ एक तरंगतं रेस्टॉरंट बुडालं. आतल्या कर्मचाऱ्यांना वाचवण्यात आलं. तिथे तर चक्रीवादळही नव्हतं.

इथे कोळी समाजाकडे बघावं. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी ही माणसं पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते, कारण माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर दर्याशी पुन्हा व्यवहार सुरू. समुद्र ज्यांना सगळ्यात जास्त कळतो, ते वर्षातले दोन महिने त्याच्या वाटेला जात नाहीत. तरंगत्या घराला ती मुभा नसते, ते तिथेच असतं.

नांगरानंतर मीठ. खारी हवा लोखंड खाते, वायरिंगचे सांधे खाते, इन्व्हर्टरचे बोर्ड खाते. पाण्याखालच्या भागावर शिंपले आणि शेवाळ चढतं, वजन वाढतं, ते खरवडून काढावं लागतं. स्टीलची नळी गंजू नये म्हणून तिला जस्ताचे तुकडे लावतात, म्हणजे आधी जस्त गंजतं. ते ठरावीक काळाने बदलायचे. काही वर्षांनी अख्खं घर ओढून गोदीत न्यायचं आणि रंगवायचं. बोटवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला जाते. अडीच कोटींच्या घराला तोच लावला तर वर्षाला पंचवीस लाख, महिन्याला दोन लाख. रोज पंधरा युनिट जाळणाऱ्या घराचं जमिनीवरचं लाईट बिल महिन्याला साडेपाच-सहा हजार येईल. ते वाचवायला दोन लाख.

शिवाय हे घर बँकेच्या दृष्टीने घर नाही. गृहकर्ज जमिनीच्या जोरावर मिळतं. इथे सातबारा नाही, सोसायटी नाही, फ्लॅटचं अॅग्रीमेंट नाही. कायद्याने ही वाहनासारखी जंगम मालमत्ता, आणि तिची किंमत गाडीसारखीच दरवर्षी उतरते. फ्लॅट जुना झाला तरी त्याखालची जमीन महाग होत जाते, तो आधार इथे नाही.

विमा आणि मैला, या दोन गोष्टींनी बुडवलेलं जहाज

ओशन बिल्डर्सच्या मंडळींनी २०२० मध्ये आणखी एक उद्योग केला. कोरोनामुळे क्रूझ कंपन्या झोपल्या होत्या, जहाजं कवडीमोल भावात निघाली होती. कोच, त्यांचे अमेरिकन सहकारी चॅड एल्वार्टोव्स्की आणि कॅनडाचे ग्रँट रोमंड यांनी पॅसिफिक डॉन नावाचं अख्खं क्रूझ जहाज साधारण ९५ लाख डॉलरना, म्हणजे ८० कोटींच्या आसपास घेतलं. नाव ठेवलं सातोशी, बिटकॉईनच्या अज्ञात जनकाच्या नावावरून. पनामाजवळ ते कायमचं उभं करायचं, केबिन विकायच्या आणि समुद्रावर एक वस्ती करायची असा बेत.

जहाज तरंगत होतं, केबिन तयार होत्या, पैसेही होते. अडलं कागदावर आणि संडासात. पनामाने त्याला तरंगती वस्ती मानायला नकार दिला, ते जहाजच राहिलं. मग जहाजाचे सगळे नियम लागू. मोठ्या जहाजांनी प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांच्या आत सोडायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे एका जागी उभ्या राहणाऱ्या शहराला मैला टाकायला अधूनमधून खोल समुद्रात फेरी मारावी लागणार. आणि विमा? कोणतीही कंपनी तयार होईना. विमा नसेल तर कुठलंही बंदर दारात उभं करत नाही.

काही आठवड्यांत योजना गुंडाळली. जहाज गुजरातमधल्या अलंगच्या भंगार यार्डाला विकायचं ठरलं, तर घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे नियम आडवे आले. शेवटी ते दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि आता ते अँबियन्स या नावाने पुन्हा साधं क्रूझ जहाज म्हणून फिरतं.

समुद्र कोणाचा असतो?

या मंडळींना समुद्रावर जायचंच का होतं, हे समजून घेतलं तर पुढची गोष्ट कळते. २००८ मध्ये अमेरिकेत सीस्टेडिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा नातू पॅट्री फ्रीडमन तिच्या संस्थापकांपैकी एक आणि सुरुवातीचा पैसा अब्जाधीश पीटर थील यांचा. विचार असा की जमीन सगळी सरकारांनी वाटून घेतलीये, समुद्र मोकळा आहे, तिथे स्वतःचे नियम करून राहता येईल.

२०१९ च्या सुरुवातीला एल्वार्टोव्स्की आणि त्यांची जोडीदार सुप्रानी थेपडेट थायलंडच्या फुकेतजवळ अशाच नळीवरच्या छोट्या घरात राहायला लागले. आपण थायलंडच्या १२ मैलांच्या हद्दीबाहेर आहोत, असं त्यांचं म्हणणं. थायलंडने ते देशाच्या सार्वभौमत्वावरचं आक्रमण ठरवलं. गुन्ह्याचं कलम असं, की शिक्षा जन्मठेप किंवा थेट फाशी. नौदल पोचण्याआधी दोघं निसटले, घर मात्र एप्रिलमध्ये नौदलाने ओढून किनाऱ्यावर आणलं. दोन माणसांच्या झोपडीएवढ्या घराला देशद्रोहाच्या जवळ जाणारं कलम लावणं हे अतीच होतं. पण घर हटवायच्या मुद्द्यावर कायदा थायलंडच्या बाजूने होता.

कारण १२ मैलांनंतर समुद्र मोकळा होतो हा गैरसमज आहे. १२ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, त्या देशाचं विशेष आर्थिक क्षेत्र असतं. तिथून इतर देशांची जहाजं जाऊ शकतात, पण कृत्रिम बेट किंवा त्यासारखं बांधकाम करायचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने फक्त किनाऱ्याच्या देशाला दिलाय. भारताचा १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा हेच सांगतो : केंद्र सरकारच्या परवान्याशिवाय या पट्ट्यात कोणीही कृत्रिम बेट उभारू शकत नाही. किनाऱ्याजवळ यायचं म्हटलं तर ओहोटीच्या रेषेपासून १२ मैलांपर्यंतचं पाणी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत चौथ्या वर्गात येतं, तिथे पर्यावरणाच्या परवानग्या. म्हणजे अलिबागसमोर किंवा मालवणच्या समुद्रात कोणी हौसेने घर नेऊन ठेवलं, तर पहिला पाहुणा तटरक्षक दलाचा असेल.

२०० मैलांच्या पुढे गेलं तर? बहुतेक ठिकाणी तळ हजारो मीटर खाली जातो. पाच पट साखळीचा हिशोब तिथे करून बघा. आणि मोकळ्या समुद्रात कोणत्याच देशाचा झेंडा नसलेली नौका कोणत्याही देशाची युद्धनौका थांबवून तपासू शकते. त्यामुळे स्वातंत्र्यासाठी समुद्रावर गेलेली मंडळी फिरून पनामाच्या किनाऱ्यापासून १५ मिनिटांवर, पनामा सरकारच्या परवानगीने राहतात.

मग हे कुठेच चालत नाही का?

चालतं. ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात स्कूनस्किप नावाची तरंगती वस्ती आहे, ४६ घरांची. पाचशेहून जास्त सोलर पॅनल, प्रत्येक घरात बॅटरी, घरं आपसात वीज वाटून घेतात आणि सगळ्या वस्तीला मिळून ग्रीडचं एकच कनेक्शन. पण ती कालव्यात आहे, समुद्रात नाही. पाणी निश्चल, नगरपालिका शेजारी, अडचण आली तर रस्ता दोन पावलांवर.

आपल्याकडेही केरळात वैकोम ते तवणक्कडवू या मार्गावर आदित्य नावाची ७५ प्रवाशांची सोलर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून धावते. छतावर २० किलोवॅटचे पॅनल, डिझेलच्या मानाने खर्च नगण्य. तीही बॅकवॉटरच्या शांत पाण्यात चालते आणि रात्री धक्क्याला येते. पाणी आणि सोलर यांचं जमतं ते असं, किनारा हाताशी असताना.

देखभाल सुटली की शांत पाण्यातही भागत नाही. नायजेरियात लागोसच्या माकोको या पाण्यावरच्या वस्तीत २०१३ मध्ये आर्किटेक्ट कुनले अडेयेमी यांनी तरंगती शाळा बांधली. लाकडी तीन मजली सांगाडा, खाली २५६ रिकामी प्लॅस्टिक पिंपं, छतावर सोलर. जगभर कौतुक झालं, पुरस्कार मिळाले. जून २०१६ च्या मोठ्या पावसात ती कोसळली. सुदैवाने तेव्हा आत मुलं नव्हती. माकोकोचे लोक मात्र अजूनही खांबांवरच्या घरात राहतात. ते त्यांनी हौसेने निवडलेलं नाही.

हा प्रश्न हौसेपलीकडे खरा कुठे होतो, तर मालदीवमध्ये. या देशाची ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंचीवर आहे. समुद्र वाढत गेला तर तिथल्या माणसांना जायला उंच गाव नाही. म्हणून मालदीव सरकारने नेदरलँड्सच्या डच डॉकलँड्स कंपनीबरोबर माले शहरापासून बोटीने दहा मिनिटांवर पाच हजार तरंगत्या घरांचं शहर जाहीर केलं. डिझाईन पुन्हा ओल्थाइस यांच्याच ऑफिसचं. जागा निवडली ती प्रवाळांच्या कड्याने वेढलेल्या लगूनमध्ये, जिथे लाटा आधीच बाहेर मरतात. सुरुवातीच्या किमती दीड लाख डॉलरच्या पुढे सांगितल्या गेल्या, म्हणजे सव्वा कोटी रुपयांपासून. परदेशी ग्राहकांनाही घरं खुली.

पण मालदीवच्या सामान्य माणसाची सोय सध्या वेगळ्याच ठिकाणी झालीये. १९९७ पासून सरकारने समुद्रातली वाळू उपसून, भराव टाकून हुलहुमाले नावाचं बेट तयार केलं, समुद्रसपाटीपासून दोन मीटर उंच. त्याने प्रवाळांचं नुकसान झालं, दिसायला ते कुठल्याही उपनगरासारखं आहे आणि त्याचे व्हिडिओ कोणी शेअर करत नाही. तिथे उंच इमारती आहेत, शाळा आहेत, दवाखाना आहे, मालेला जोडणारा पूल आहे. मालदीवचे हजारो लोक आज तिथे राहतात, आणि सरकारी घरांसाठी तिथेच नाव नोंदवतात.